सांगण्यासारखी गोष्ट

७ जून

ट्रस्ट यंदा एकालाच घेणार. शोभाताईंनी आज वर्गात सांगितलं. पाच वर्षं हॉस्टेल, मेस, पुस्तकं, सगळं ट्रस्टकडे. आणि लॉच्या सीईटीत वर्गातून आम्ही दोघंच पास झालो – मी आणि आयुष. एकमेकांकडे पाहून हसलो. दुसरं काय करणार?

शोभाताई आधी वकिली करायच्या. आता सक्करदऱ्याला स्वतःच्या घराच्या वरच्या खोलीत आमच्यासारख्यांना शिकवतात. कोर्टाचा निकाल कसा वाचायचा, इंग्रजी अडलं तरी बोलत कसं राहायचं, मोठ्या कॉलेजात मान खाली का घालायची नाही. वर्षभर त्यांच्याच हातचे पोहे खाल्ले, चहा प्यायलो.

"गुरुवारी मुलाखत आहे. तुमची गोष्ट विचारतील," त्या म्हणाल्या. "खरी सांगा. रडून सांगू नका."

९ जून

तलावाच्या काठावर बसलो होतो. आयुष म्हणाला, "तू काय सांगशीन गा, प्रशिक?"

मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं. बाबा गेल्यावर आई कळमन्याच्या बाजारात मिरच्या निवडायला जायची. दिवसभर लाल मिरची. घरी आली की हातांची आग आग व्हायची. धाकटी बहीण भूमिका तेव्हा लहान, आईला हात लावू द्यायची नाही. तिच्या डोळ्यांत तिखट जायचं ना. मग तिला भरवणं, न्हाऊ घालणं, तिची वेणी घालणं माझ्याकडे. शाळेत पोरं हसायची, हा वेण्या घालतो म्हणून. मी वेणी घालता घालता पाठांतर करायचो.

तो खूप विचारत होता. हातांना काय लावायची? दही. मग झोपायची कशी? ओल्या फडक्यात हात गुंडाळून.

बरं वाटलं सांगून. आयुष स्वतःचं कधी सांगत नाही. आई नाही, बाप बाहेरगावी असतो, एवढंच. मनीषनगरला मामाकडे राहतो. वामनराव मामा बँकेत आहेत, घर चांगलं आहे. मी एकदा जेवलो आहे तिथे.

१२ जून

आयुष आधी आत गेला. बाहेर आला तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही. वाटलं, वाईट गेली असेल.

आत तिघं होते. मधल्या बाईंनी हसून बसायला सांगितलं. मी सुरुवात केली. आई, कळमना, मिरच्या. वेणीपर्यंत आलो आणि त्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे आम्ही आत्ताच ऐकलं."

मला कळलंच नाही. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "दह्याचंही सांगाल आता. तुमच्या वर्गात पाठ करून घेतात का?"

तेव्हा कळलं.

त्याचं नाव तोंडापर्यंत आलं होतं. पण कोण विश्वास ठेवणार? दुसरा आलेला मी होतो. दुसरा आलेला तोच खोटा. "माझ्याकडे दुसरी गोष्ट नाही," एवढंच म्हणालो आणि उठलो.

माझी आई त्यानं सांगितली. माझ्या आईचे हात.

१३ जून

मनीषनगरला गेलो. गेटपाशीच भेटला. नाही म्हणेल असं वाटलं होतं. म्हणालाच नाही.

"हो. तुह्यीच सांगितली."

"काहून?"

"माह्यापाशी सांगण्यासारखी नव्हती."

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, बरोबर आहे, नसणारच. मामाचा कूलर, मामाची गाडी, आयतं ताट. तुझ्या आयुष्यात झालं काय आहे रे सांगायला? दुसऱ्याचं दुःख चोरावं लागतं तुला!

तो ऐकत राहिला. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं.

१४ जून

आई विचारते, "काहून गा, जेवत नाही?" काय सांगू – तुझे हात कोणीतरी नेले?

२० जून

ट्रस्टनं आयुषला घेतलं.

२१ जून

शोभाताई घरी आल्या. आमच्या घरी पहिल्यांदाच. आईच्या हातांकडे त्यांनी पाहिलं, आणि माझ्याकडे. आई चहा ठेवायला उठली तेव्हा हळूच म्हणाल्या, "ट्रस्टवाल्या बाईंनी मला झापलं, दोघांना एकच गोष्ट शिकवली म्हणून. ही तुझी आहे ना?"

मी मान हलवली.

"मग तिथेच बोलला का नाहीस? वकील व्हायचंय ना तुला?"

सोमवारी त्यांच्यासोबत ट्रस्टच्या ऑफिसात जायचं ठरलं. मी सांगणार. आईला समोर उभी करावी लागली तरी चालेल. आयुषचं नाव घेऊन सांगणार, तो आयुष्यभर लक्षात ठेवील असं. वर्षभर एका ताटात खाल्लं त्याच्यासोबत. याचाच राग जास्त येतो.

२३ जून

जागा मला मिळाली.

मला बोलावंच लागलं नाही. आम्ही पोचलो तर आयुष आधीच आत उभा होता. गोष्ट प्रशिकची आहे, त्याले घ्या – हे त्याचं सांगून झालं होतं. चष्मेवाल्या बाई चिडल्या होत्या. "मग तुझी खरी काय ते तरी सांग," म्हणाल्या.

तो भिंतीकडे पाहून बोलला. "बापानं मायले मारून टाकलं. मी तिथंच होतो. सहावीत होतो. कोर्टात मीच साक्ष दिली. बाप जन्मठेप भोगून राहिला."

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. शोभाताईसुद्धा.

मग त्यानं मान वळवली. "पहिलेच सांगितलं असतं, तर तुम्ही माह्याकडे असेच पाहिले असते. आता पाहून राहिले तसे."

मीही तसाच पाहत होतो.