चेंडू रेषेपलीकडे गेला होता

अब्बा, आता रेफरीला स्वतःचा निर्णय बदलता येतो. तुम्ही गेल्यानंतर थोड्याच वर्षांत हे सुरू झालं. तो कानाला बोट लावतो, कुठल्याशा खोलीत बसलेल्या माणसांचं ऐकतो, हवेत चौकोन काढतो आणि मैदानाच्या कडेला जाऊन तोच प्रसंग पडद्यावर पुन्हा बघतो. दिलेला गोल काढून घेतात, न दिलेला देतात. तरी भांडणं मिटलेली नाहीत. तुमचा नातू म्हणतो, अम्मी, पहिल्यापेक्षा जास्त झालीत. पण मी तो चौकोन काढताना पाहते तेव्हा मला तुम्हीच आठवता. तुम्हाला हे बघायला मिळायला हवं होतं.

आपल्या वेळी एकदा शिट्टी वाजली की खलास. सौदीत, यान्बूच्या त्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात वरच्या फळीवर तुमचा छोटा टीव्ही होता. हिवाळ्यातल्या शनिवारी इंग्लंडमधली मॅच सुरू व्हायची आणि लगेच सूर्य मावळून मगरिबची अजान. शटर खाली, टीव्ही बंद, सगळे पुरुष मशिदीत. गोल, पेनल्टी, लाल कार्ड, जे काही व्हायचं ते नेमकं तेवढ्यात होऊन जायचं. आम्ही बायका घरी नमाज पढणार, थोडं मागेपुढे झालं तरी चालतं. म्हणून दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आपल्या घरी, मी, घरची सून, टीव्हीसमोर बसायचे. तुम्ही मशिदीतून परतलात की फोन. ‘बोल, बाय.’ तुम्ही स्पीकर लावायचात आणि गिऱ्हाईक, शेजारचे मलबारी, आपले रत्नागिरीचे दोघं, सगळे गप्प होऊन ऐकायचे. मी हिंदीत सांगायचे, कोणी कोणाला पाडलं, रेफरी किती लांब होता, त्याने काय केलं. एकदा मलबारी म्हणाला होता, भाभीलाच रेफरी करा, पगारही कमी घेईल. तुम्ही म्हणालात, पगार कमी घेईल, पण तुझ्या टीमला एक पेनल्टी देणार नाही.

सुरुवातीला मी एकदा म्हटलं होतं, मला वाटतं ती पेनल्टी नव्हती. तुम्ही स्पीकर बंद केलात आणि मराठीत म्हणालात, ‘तुला काय वाटतं ते नको. दिसलं ते सांग.’ मला राग आला. त्या संध्याकाळी तुमच्या ताटात मासळी वाढली, पण बोलले नाही. तुम्ही काहीच झालं नाही असे जेवलात. पुढे जेद्दाहून येताना माझ्यासाठी एक पुस्तक घेऊन आलात, फुटबॉलच्या नियमांचं, इंग्रजीत. मी चौथीत शाळा सोडलेली. टीव्हीच्या कोपऱ्यात संघांची नावं तीन-तीन अक्षरांत येतात, त्यावरून मी इंग्रजी जोडायला शिकतेय, हे तुमच्या कधी ध्यानात आलं कोण जाणे. भात शिजेपर्यंत ओट्याशी उभी राहून मी ते वाचायचे, डिक्शनरी मसाल्याच्या डब्यावर. माझं पहिलं इंग्रजी पुस्तक ते. संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषेच्या पलीकडे गेला पाहिजे, तरच गोल. थोडासा जरी रेषेवर असला तरी नाही. हे वाक्य समजलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. इतकं स्वच्छ आमच्या आयुष्यात काही लिहिलेलं नव्हतं.

मग हुकूम निघाला की मोबाइलच्या दुकानांत यापुढे सौदी माणसंच बसतील. इथल्या पोरांनाही काम हवंच की, असं तुम्हीच म्हणायचात. पण तुमचा इकामा, राहण्याचा परवाना, त्या दुकानावर होता. ज्या सौदी मालकाच्या जामिनावर तुम्ही होतात, त्या कफीलचं एक हार्डवेअरचं गोदाम होतं. त्याने तिथे तुमचं नाव लावलं तर राहता येणार होतं, नाहीतर फायनल एक्झिट, कायमचं परत जाणं. आमचं तसं काही नव्हतं, तुमचा मुलगा रिफायनरीच्या ठेकेदाराकडे होता. तुम्हालाही पगाराची ओढ नव्हती. तिकडे गावात घर होतं, नारळ होते. पण सासूबाई इथल्या कब्रस्तानात होत्या. दर शुक्रवारी सकाळी तुम्ही त्यांच्याकडे जाऊन यायचात. तिथे कबरीवर नाव नाही, सगळ्या सारख्या, नुसती माती आणि खडे. त्यातली त्यांची कोणती ते तुम्हालाच ओळखू यायचं. तुमच्या मुलालाही खात्रीने सांगता येत नसे.

त्या शनिवारी कफील दुकान बघायला आला होता. त्याचा संघ पांढऱ्या जर्सीचा, तुमचा लाल. वीसेक वर्षं तुम्ही दोघं त्यावरून एकमेकांना टोमणे मारत आलात. तो म्हणायचा, लाल संघवाले हरले की रेफरी चोर, जिंकले की रेफरी झोपलेला. मॅच त्या दोन संघांचीच होती, खालच्या डिव्हिजनची, तिथे गोलरेषेचं यंत्र अजून आलं नव्हतं. अजान झाली, तुम्ही दोघं बरोबरच मशिदीत गेलात. इकडे लाल संघाच्या एकाने डोक्याने चेंडू मारला, तो खाली आपटला आणि गोलकीपरने आतून ओढून काढला. रेफरीने हात हलवून खेळत राहा म्हणून खूण केली. मग टीव्हीवर बाजूच्या कॅमेऱ्यातून दाखवलं, एकदाच. चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये गवत दिसलं. हिरवं, स्पष्ट.

फोन आला. ‘बोल, बाय.’ स्पीकर नव्हता, ते मला आवाजावरून कळलं. मी सांगितलं, आपला गोल होता, मध्ये गवत दिसलं, रेफरीने दिला नाही. पलीकडून कफीलने विचारलं, ती काय म्हणते? आणि तुम्ही अरबीत म्हणालात, ‘बिंती म्हणते, चेंडू आत गेला नव्हता. रेफरी बरोबर होता.’

बिंती म्हणजे माझी मुलगी. तोवर लोकांना तुम्ही मला मुलाची बायको म्हणूनच सांगायचात.

कफील खूप हसला. म्हणाला, हज्जी, इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा रेफरीला बरोबर म्हटलंस. तुम्ही फोन बंद करायला विसरला होतात. मग तुम्ही गोदामाचं विचारलंत, इतक्या हळू आवाजात की मला शब्द कळले नाहीत, तेवढं ‘गोदाम’ कळलं. तो म्हणाला, इन्शाअल्ला, हज्जी, इन्शाअल्ला. मी फोन ठेवला. नमाजची वेळ जात चालली होती.

त्याने प्रयत्न केला नाही असं मी म्हणणार नाही. काही दिवसांनी तो खजुराचा डबा घेऊन घरी आला. मी आतून चहा पाठवला आणि पडद्यामागे उभी राहिले. सरकारी सिस्टीम नाव घेत नाही, म्हणाला. वय जास्त दाखवते, कोटा भरला दाखवते, पुन्हा भरलं की पुन्हा तेच. ‘तिथे माणूस बसलेला असता तर मी जाऊन भांडलो असतो, हज्जी.’ एवढा मोठा माणूस, त्याचा आवाज पडला होता. तुम्हीच त्याला मआलेश, मआलेश, असू दे, म्हणत राहिलात. जाताना त्याने तुमच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

शेवटच्या शुक्रवारी तुम्ही कब्रस्तानातून उशिरा आलात. गावी गेल्यावर मी शनिवारी फोन करून स्कोअर सांगायचे. तुम्ही म्हणायचात, असू दे, बाय. काय दिसलं, ते तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत. पुढच्या रमजानच्या आधी तुम्ही गेलात.

आता तुमचा मुलगाही तिथेच आहे, सासूबाईंच्या कब्रस्तानात. आम्ही बायका आत जात नाही. नातू जातो, मी बाहेर गाडीत काच खाली करून बसते. बापाची जागा त्याला माहीत आहे, आजीची कोणती ते नाही. कोणाला विचारणार? आता त्याच्याही कंपनीत बाहेरच्यांना काढायची यादी होणार म्हणतात. बघू. आपण बघण्याशिवाय काय करतो.

मागे त्याने फोनवर ती जुनी मॅच शोधून काढली. म्हणाला, अम्मी, कोणीतरी रेषा आखून दाखवलंय, बघ, तुझं बरोबर की चूक. मी बघितलं नाही. मला दिसलेलं मला माहीत आहे, चेंडू पलीकडे गेला होता.

पण मला काय वाटलं ते तुम्हाला नको असायचं, म्हणून ते राहून गेलं. त्या संध्याकाळी मुसल्ल्यावर नमाजला उभी राहिले तेव्हा मी मागितलं की त्या रेफरीचं चुकलेलं तसंच राहू दे. कोणी पुन्हा दाखवू नये, कोणी कफीलला सांगू नये, पांढरे जिंकू देत. तुमचं खोटं चालून जाऊ दे. सलाम फेरून नमाज संपवली, टीव्हीकडे पाहिलं, तर पांढरे जिंकत होते.

हा कागद नियमांच्या पुस्तकात ठेवते. फोन चालू राहिला होता हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. बिंती म्हणालात, ते मी ऐकलं होतं.