व्हॉल्व्हला बांधायच्या पट्ट्या

वाशी, रविवार

प्रिय विलास,

तर पहिली आली ती फातिमा. चपला काढून दाराशीच उभी, मीच हात धरून आत घेतली. मागून तिचे सासरे नजीबभाई, तीन जिने चढून दमलेले. उरणहून एसटीने आली रे दोघं, खास मला भेटायला. आनंदाच्या भरात मी चहात साखर दोनदा घातली, नजीबभाईंनी मुकाट प्यायला. खालच्या चारुलताबाई लगेच वाटी घेऊन हजर, म्हणे विरजण आहे का. विरजण कसलं, पाहुणे कोण ते बघायचं होतं. म्हटलं, आमच्या इद्रीसची माणसं आहेत, बसा.

बोटीवरून इद्रीसची ट्रंक त्यांच्या घरी आली, तीत माझ्या नावाची पुडी निघाली. सुईत दोरा ओवायचं चिमुकलं यंत्र, कुठल्याशा परदेशी बंदरातलं. गेल्या खेपेला बोटीवर चढायच्या आधी तुम्ही दोघं इथे जेवलात, तेव्हा मला दोरा ओवून देताना म्हणाला होता, आजी, मी नसेन तेव्हा कोण ओवणार. लक्षात ठेवलंन बघ. मी तिथेच ओवून बघितलं, पहिल्या झटक्यात गेला. हसले, आणि मग फातिमाकडे बघवेना. चार महिने झाले इद्रीसला जाऊन. पोर अजून ताट दोन वाढते म्हणे.

तुझं तीन ओळींचं पत्र गादीखाली आहे, रोज काढून वाचते. तूच मला शिकवलंस, वाफेच्या नळीचं काम काढलं की व्हॉल्व्ह बंद करायचा, चाकाला लाल पट्टी बांधायची, आणि ज्याने बांधली त्यानेच सोडायची. बोटीवरच्या पुठ्ठ्याच्या पाट्या तेलापाण्यात टिकत नाहीत म्हणून पट्ट्या माझ्याकडून शिवून न्यायचास. मी चौथी शिकलेली बाई, पण माझी पट्टी बघून बोटीवर माणसं हात मागे घेतात, असं सोसायटीभर सांगत फिरायचे. आणि आता व्हॉल्व्ह उघडणारा चौकशीत सांगतो, चाकाला लाल काही नव्हतं, मळकी पांढरी चिंधी होती, ती ओढून टाकली आणि वाफ सोडली. पुढे नळीशी आपला इद्रीस काम करत होता. तुझं बोटीवर काम करायचं सर्टिफिकेट जायची वेळ आली, आणि तू लिहितोस, आजी, पट्टी बांधली की विसरलो, माझं मलाच आठवत नाही. त्यापुढे एक अक्षर नाही. जेवतोस का रे तिथे विशाखापट्टणमला, चौकशीच्या गडबडीत?

फातिमाने पिशवीतून आणखी एक वस्तू काढली. इद्रीस पडला तिथे जे जे सापडलं ते खलाशांनी ट्रंकेत भरलं होतं, त्यातली एक पांढुरकी चिंधी. म्हणाली, ही त्यांची नाही, आमच्या घरातली नाही, कशाची असेल आजी? टोकाला निळ्या दोऱ्याचे तीन उलटे टाके. डोळ्यांना दिसत नाही म्हणून मी तसे घालते, तुला ठाऊक आहे. दुमड उसवून बघितली. आत लालभडक.

विलास, तू पट्टी बांधली होतीस. विसरला नव्हतास. तू मला बजावलं होतंस, आजी, लाल जाडाभरडा खारवाच घे, त्याचा रंग जात नाही. ह्या खेपेला मी खारवा आणला नाही. देवीच्या ओटीतला लाल खण प्रसाद म्हणून मिळाला होता, त्याच्या पट्ट्या शिवल्या. वाटलं, आईचं कापड आहे, माझ्या पोराला राखील. तुला सांगितलंही नाही, हसशील म्हणून. वाफेत त्याचा रंग धुऊन गेला. तुला राखलं की नाही कोण जाणे, इद्रीसला नाही राखलं. फातिमासमोर माझं तोंड उघडलं नाही. चिंधी तिने परत पिशवीत ठेवली, मी बघत राहिले. हे पत्र तुझ्या साहेबांना दाखव, मला बोलावलं तर काठी टेकत येईन. पण तिला मी इथेच सांगणार, माझ्या तोंडाने. नमाज झाली की पुन्हा येतो म्हणालेत दोघं, येत्या शुक्रवारी.

तुझीच,
पट्ट्या शिवणारी आजी