दोऱ्याच्या मापाचं तट्टू

अकोला, पौष शुद्ध ३, शके १७८५

चि. सूर्यभान यास थोरल्या भावाचे अ. उ. आशीर्वाद. इकडे सारे खुशाल.

गाडीवरून पडून तुझा पाय आखडला, तेव्हापासून घोर लागला आहे. वावर दोन कोसांवर, अन् तू बाजेवर. औंदा कापसानं हात दिला, म्हणून तुले घोडा धाडतो. जुन्या शहरात घोड्यांचा सौदागर उतरला आहे. त्याच्याजवळ एक उंच पांढरा घोडा आहे. दलाल लोक तसल्यावरच मिरवून राहिले. पण सौदागर बसणाऱ्याचं माप मागतो. कमरेपासून टाचेपर्यंत दोरा धरून पाठव. आईले दंडवत.

पंजाबराव

चांदूर बाजार, पौष शुद्ध ९

ति. दादांचे चरणी सूर्यभानचा सा. न. वि. वि.

दोरा सोबत आहे. मले उंच घोड्याची हौस नाही. आपल्या आपण चढता आलं पाहिजे, इतकंच. आई अन् माझी बायको रुख्मिणी मले दोहीकडून धरून अंगणात आणतात, पोत्यासारखं. तीस वर्षांच्या माणसाले लाज वाटते, दादा. वेचणी सुरू होऊन महिना झाला, मी वावर पाहिलं नाही.

आपला सूर्यभान

अकोला, पौष वद्य ४

चि. सूर्यभान यास आशीर्वाद.

दोरा पाहून सौदागर म्हणाला, हे तर पोराचं माप. मी बी चकरावलो. तू माझ्याहून चांगला उंच. पण माप तुझ्या घरचं, म्हणून बुटकं तट्टू गड्यासोबत धाडलं. जमलं नाही तर परत कर. पांढरा घोडा थांबवून ठेवला आहे.

पंजाबराव

चांदूर बाजार, पौष वद्य १२

ति. दादांचे चरणी सा. न.

तट्टू पोचलं. दुखणाईताचं पुरं माप घेऊ नये, नजर लागते, म्हणून आईनं दोऱ्याची चार बोटं गुपचूप कापली होती. रुख्मिणीले ते ठाऊक नव्हतं. तिनं बी त्याच भेवानं आणखी चार कापली. आता दोघी एकमेकींवर रुसून बसल्या आहेत. माझे पाय भुईले टेकायचेच बाकी राहतात. वेशीतले लोक विचारतात, सूर्यभान तट्टूवर बसला का तट्टू सूर्यभाननं उचललं.

पण दादा, आज सकाळी मी आखडलेला पाय वरून टाकला अन् बसलो. कोणी धरलं नाही. आई सवयीनं धावत आली अन् दारातच थांबली. मग वावरात गेलो. बाया वेचून राहिल्या होत्या, त्यांच्यासमोर मले रडू आवरलं नाही.

पांढरा घोडा तुमीच ठेवा. त्याच्यावर चढायले मले पुन्हा दोन माणसं लागतील.

माया आहे तशीच राहू द्यावी.

आपला सूर्यभान