विंडलासमधलं पुढे धावणारं घड्याळ

प्रिय कॉलिन,

नाताळचं कार्ड मिळालं. मुली उंच झाल्यात. धाकटीची हनुवटी थेट तुझ्या बाबांची आहे. तिला सांगू नकोस, रुसेल.

माझा गुडघा बरा आहे. वाचनालय आता आठवड्यातून दोनच दिवस उघडतं, म्हणून पाच-पाच पुस्तकं एकदम आणते. आणि दर रविवारी दुपारी बाहेर जेवते. कुठे ते वाचून तू पत्र खाली ठेवशील, म्हणून आधीच सांगते, ठेवू नकोस. कालव्यावरच्या 'विंडलास'मध्ये. पब तीन वर्षांपूर्वी बंद पडला. वॉल्टर म्हातारा झाला, मुलीकडे राहायला गेला, आणि जागा जगदेव संधू नावाच्या पंजाबी माणसाने घेतली. बार तसाच आहे, बिअरचे पितळी नळही आहेत, पण डार्ट्सची फळी होती तिथे आता तंदूर धगधगतो. मी तंदुरी मासा आणि डाळ घेते. पहिल्या दिवशी मिरचीने डोळ्यांतून पाणी वाहिलं, तेव्हा बरंच वाटलं. बाबा गेल्यापासून बारा वर्षांत चारचौघांत रडायला इतकं सोयीचं कारण मिळालं नव्हतं.

बसते बाबांच्याच कोपऱ्यात. डोक्यावर तेच गोल लाकडी घड्याळ. रविवारी पेले संपले तरी बाबा तिथे बसून राहायचे, आणि तू जाऊन त्यांना घरी आणायचास. तू दारूला कधी शिवला नाहीस, म्हणून सगळ्यांसमोर तुला 'पाद्रीसाहेब' म्हणायचे. पण तू दारात दिसेपर्यंत उठायचे नाहीत. वॉल्टर हाकलायला लागला की बोटाच्या पेराने घड्याळाच्या काचेवर दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "अजून आहे वेळ. पोरगं येतंय माझं."

आता माझ्या समोरची खुर्ची दर रविवारी बाहेर ओढलेली असते. जगदेव ती आत सरकवतो, कारण ताटं नेताना पायात येते. तो स्वयंपाकघरात जाऊन येतो तोवर ती पुन्हा बाहेर. फरशी तिरकी असेल म्हणतो. घड्याळाने तर त्याचं डोकं उठवलंय. जागा घेतल्यापासून ते दहा मिनिटं पुढे जातं. नऊ नाही, अकरा नाही. दर सोमवारी तो मागे करतो, रविवारी पुन्हा दहा पुढे. आतलं यंत्र बदललं. शेवटी बॅटरीच काढून खिशात ठेवली. तरी गेल्या रविवारी माझ्या मनगटावर पावणेदोन होते तेव्हा त्यावर दोनला पाच कमी होती. त्याची आई, बीजी, बारमागे मटार सोलत बसते. ती म्हणाली, "त्याच्या मागे लागण्यापेक्षा मोरीचा नळ दुरुस्त कर की. घाई त्याला आहे, तुला नाही."

मला हसू आलं. मी जगदेवला सांगितलं, अरे, बिघडलेलं नाही ते, पबचं घड्याळ आहे. पबात ते मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवतात, म्हणजे पिणारे वेळेवर उठतात. वॉल्टरने चाळीस वर्षं तसंच ठेवलं. इथल्या प्रत्येक पिणाऱ्याला ते ठाऊक असतं. हे बोलता बोलता घास माझ्या हातातच राहिला. कारण तू पीत नव्हतास. तुला ते ठाऊक नव्हतं.

बाबा गेले त्या रविवारबद्दल आपण कधी बोललो नाही. वॉल्टरचा फोन आला, क्लिफला बरं वाटत नाही, पोराला पाठवा. आपल्या स्वयंपाकघरातल्या घड्याळात पावणेदोन झाले होते, आणि ते रेडिओच्या वेळेशी जुळवलेलं. तू निघालास दोनला. वाट बारा मिनिटांची. वॉल्टरने तुला दारातच गाठून सांगितलं, "बरोबर दोनला गेला. मी घड्याळाकडे पाहिलं." लगेच निघालो असतो तर तीन मिनिटं तरी मिळाली असती, हे तू तिथेच मनाशी ठरवून टाकलंस. दफनानंतर डोरीन आत्याने सगळ्यांसमोर विचारलं, इतका वेळ काय करत होतास? तू म्हणालास, "जेवत होतो." बास, एवढंच. पुढच्या वसंतात न्यूझीलंडला गेलास, तो आलाच नाहीस.

वॉल्टरने पाहिलेलं घड्याळ हेच. खरी वेळ दोनला दहा कमी होती. फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत ते गेले होते. तू धावत सुटला असतास तरी तेव्हा कालव्याच्या पुलापाशीसुद्धा पोचला नसतास.

आणि तू जेवत नव्हतास. कोट हातात घेऊन उभा होतास. मी म्हटलं, "जास्त झाली असेल, रोजचंच आहे. पुडिंग गार होईल, खाऊन जा." वाक्य माझं होतं. आत्याने विचारलं तेव्हा मी चहाचा कप धरून तुझ्या शेजारी उभी होते, आणि गप्प राहिले. तू मला झाकलंस आणि मी झाकू दिलं. ही दहा मिनिटं सापडली नसती तर हे कधी लिहिलं असतं की नाही, देव जाणे. मला माफ कर असं म्हणत नाही. ते तुझं तू बघ.

पण पत्र त्यासाठीही नाही. मी त्याच टेबलाशी बसून लिहितेय, ताट बाजूला सारून. खुर्ची बाहेर आहे. आत्ताच काचेवर टकटक झाली, दोनदा. बीजीनेही ऐकली. तिने मटार खाली ठेवले आणि पाहिलं ते घड्याळाकडे नाही, दाराकडे. मीही पाहिलं. दारात कोणी नव्हतं. गेल्या रविवारी निघताना मी हळूच म्हटलं होतं, क्लिफ, चल घरी. घरापर्यंत चारदा मागे वळून पाहिलं. ते माझ्याबरोबर उठत नाहीत, कॉलिन. ते कधीच माझ्याबरोबर उठले नाहीत. त्यांना घरी तूच आणायचास. ये.

वाट पाहणारी, तुझीच,
आई