भडका उडाला म्हणून सांगायचं

आई, तू न पाहिलेल्या तुझ्या नातीने आज पहिल्यांदा गॅस पेटवून चहा केला आणि मी तिच्या मागे पाण्याची बादली घेऊन उभी होते. बारा वर्षांची आहे. तिने आधी बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "मम्मी, चहा करतेय मी, होळी नाही पेटवत." मी हसले. बादली मात्र खाली ठेवली नाही. चहात आलं जरा जास्तच पडलं होतं. ती दुपारी क्लासला गेली आणि मी हे लिहायला बसले.

आपलं नाशिकच्या द्वारका चौकाजवळचं दोन खोल्यांचं घर आठवतं. पुढच्या खोलीत तुझं पिकोचं मशीन, मागे स्वयंपाकघर, आणि मधे नुसता उंबरा. त्या उंबऱ्यापलीकडे तू मला कधी येऊ दिलं नाहीस. माझ्या मैत्रिणी दहाव्या वर्षी पोळ्या लाटत होत्या, आणि मी नुसती दारात दिसले तरी तू हातातला झारा उगारून म्हणायचीस, "बाहेर हो. लांब उभी राहा." ताटसुद्धा बाहेर आणून द्यायचीस. शेजारच्या काकू म्हणायच्या, पोरीला भारी लाडावून ठेवलीय. मला तो लाड कधीच वाटला नाही. मला वाटायचं, हिला मी जवळ नकोय. दिवसभर लोकांच्या नायलॉनच्या साड्यांना फॉल लावायचीस आणि स्वतः बारा महिने सुती नेसायचीस. माझी ओढणीही सुतीच, आणि तीसुद्धा कमरेला गच्च बांधलेली. घरात स्टोव्ह नव्हता. सिलिंडर संपला की नवा येईपर्यंत आपण पाव आणि केळी खायचो. एकदा मी शेजारून स्टोव्ह मागून आणते म्हणाले, तर तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. आजी कशाने गेली असं विचारलं, की तू खाली मान घालून मशीन सुरू करायचीस. त्या घरघरीत पुढचं काही विचारता यायचं नाही.

लग्नानंतर सासरी मला कुकरला पाणी किती घालायचं तेही विचारावं लागलं. सासूबाई भल्या होत्या, त्यांनी सगळं शिकवलं. पण "आईने काहीच कसं शिकवलं नाही गं?" असं त्या एकदा सहज म्हणाल्या, आणि त्याचा राग मी वर्षानुवर्षं तुझ्यावर धरला.

आणि ती एक चपराक. मी तिसरीत असेन. बशी माझ्या हातून फुटली आणि मी ते मांजरावर ढकललं. तू मशीन थांबवलंस. "तू पाहिलंस मांजर?" मी म्हणाले, हो. सणसणीत बसली. जन्मात एकदाच मारलंस मला. मग माझे दोन्ही खांदे धरून म्हणालीस, "जे पाहिलं तेच सांगायचं. कुणी काही शिकवू दे. जे पाहिलं तेच." मला कुणी काहीच शिकवलं नव्हतं, आई. मी रडत होते, तूही रडत होतीस, आणि मला वाटलं, बशी फार महागाची असणार.

तू गेल्याला आता चौदा वर्षं झाली. गेल्या महिन्यात येवल्याला मावशीकडे गेले होते. तुझी मामेबहीण, जिच्या घरी तू लहानाची मोठी झालीस ती. तिला आता पैठणी विणवत नाही, डोळे गेलेत, पण माग अजून घरात आहे आणि ती त्याच्याशेजारीच बसते. लेकीला मी अजून गॅसला हात लावू देत नाही, असं मी बोलता बोलता म्हणाले.

"तुला नाय सांगितलं का तिनं कधी?" मावशी म्हणाली. "आत्याला, तुझ्या आजीला, तिच्या नवऱ्यानं पेटवलं गं. स्टोव्ह तर पार गार, कोपऱ्यात पडला व्हता. तुझ्या आईनं सगळं पाह्यलं. सात वर्साची पोर. बापाच्या आईनं तिला मांडीवर घेतलं अन् पढवलं, भडका उडाला म्हणून सांगायचं. पोलिसापुढं तिनं तेच सांगितलं. मंग आमच्याकडं आणून सोडली. लय दिवस बोललीच नाय."

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून नाशिक येईपर्यंत रडले. आधी तुझ्यावर चिडले. एकदा तरी सांगायचंस. मला लांब उभी करत होतीस ती मी नकोशी होते म्हणून नव्हे, हे कळण्यात माझी निम्मी हयात गेली. मग वाटलं, कोणत्या तोंडाने सांगणार होतीस? बशीच्या दिवशी तू मला नाही, तुझ्यातल्या त्या सात वर्षांच्या मुलीला मारलंस. ती मला भेटली असती तर मी तिला जवळ घेऊन सांगितलं असतं, बाई, तुझं काही चुकलं नाही. तुला हे कुणीच सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. द्वारकेला उतरताना मी ठरवलं होतं, हे इथेच थांबवायचं. लेकीला गॅस पेटवू द्यायचा, आणि तिने विचारलं तर खरं ते सांगायचं.

आज तिने विचारलं. चहाचा कप माझ्या हातात देऊन म्हणाली, "तू एवढी का घाबरतेस?" मी म्हणाले, माझी आजी भाजून गेली. "अगं बाई. कशानं?"

इतक्या दिवसांची मनातल्या मनात तयारी होती. ती माझ्या अगदी समोर, ओठांवर चहाची साय. मी म्हणाले, "स्टोव्हचा भडका उडाला."

शब्द न् शब्द तेच, आई. आणि मला तर कुणी पढवलंही नव्हतं.

हे पत्र तुझ्या मशीनच्या खणात ठेवतेय. मशीन आता लेकच चालवते, बाहुलीचे कपडे शिवते, बॉबिन शोधायला रोज त्या खणात हात घालते. तोंडाने सांगायची हिंमत माझ्यात नाही, एवढं तुझ्यापाशी कबूल करते. खणाला कुलूप लावलेलं नाही.