लाकडांवरची माती

प्रिय एमिट,

तू ओहायोला गेल्यापासून नाताळच्या कार्डापलीकडे आपल्यात काही उरलं नाही, तरी आज लांबलचक लिहितोय. खाण बंद झाल्यावर आपण दोघांनी बुलडोझर फिरवून सपाट केलेला डोंगर आठवतो ना? तिथे आता लोक हौसेने जीपगाड्या घेऊन चिखलात लोळायला येतात. माझी लेक क्रिस्टा त्यांतलीच. काल दुपारी तिने मलाही नेलं. दगडांवरून गाडी एकेक चाक उचलत चढत होती आणि मी दांडी गच्च धरून बसलो होतो. "बाबा, बुलडोझरवर तर डुलक्या काढायचास म्हणे!" ती हसली.

माथ्यावर सपाट गवत लागलं. कडेला आपण लावलेली पाइनची रांग दिसली आणि मी जागा ओळखली. "थांबव," मी म्हणालो. "इथे? इथे तर आजीसुद्धा चालवेल," असं ती म्हणतेय तोवर मागचं चाक खचलं. खालून माती सरकत गेली. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग खोल कुठेतरी पाणी वाजलं. तिला ब्रेक दाबून ठेवायला सांगून मी उतरलो, गाडीच्या पुढच्या चरखीचा तारेचा दोर ओढत नेला. पाइनला बांधला नाही, ती भरावावरची झाडं. डोंगराच्या मूळ, न खणलेल्या कड्यावरच्या ओकपर्यंत तो जेमतेम पुरला. चरखीने दोर गुंडाळला तशी गाडी कशीबशी बाहेर आली. मागे दाराएवढं भोक, आणि त्यातून येणारा गार वारा.

"तुला कसं कळलं?" क्रिस्टाने विचारलं. मी सांगून टाकलं. तेव्हा सोमवारी तपासणी होती, मुकादम म्हणाला, "लाकडं टाका, माती ओढा," आणि खाणीत हवा सोडायची ती खोल विहीर भरायच्या ऐवजी आपण नुसती झाकली.

आज सकाळी मी डोंगरावर जीपगाड्या सोडणाऱ्यांच्या कचेरीत जाऊन कबूल केलं. त्यांनी भोकाभोवती पिवळी फीत बांधली. "सापडलं ना, मग झालं," तिथला माणूस म्हणाला. पण झालेलं नाही, एमिट. अशा विहिरी दोन होत्या. दुसरी तू एकट्याने झाकलीस, कारण त्या दिवशी क्रिस्टा जन्मली आणि मी दवाखान्यात होतो. ते म्हणतात, जागा दाखवा, नाहीतर शनिवारचा जीपगाड्यांचा मेळावा थांबणार नाही. ऐंशी गाड्या येणार आहेत. तुझं नाव मी घेतलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र क्रिस्टाच घेऊन आलीय. वाचतोयस तेव्हा ती दारातच उभी असेल. तिच्या गाडीत बस आणि ये.

तुझाच,
क्लोव्हिस