वरच्या गोठ्याचं पाणी

प्रिय भांडखोर,

पत्र फाडण्याआधी निदान ओढ्याची बातमी वाच. पाणी नितळ झालंय. तळाचे गोटे दिसतात, बेडूक परत आलेत. आनंद व्हायला हवा होता. मी काठावर बसून नुसता बघत राहिलो आणि मग उठून शेण काढायला गेलो. हल्ली असंच होतं. राग येत नाही, रडूही येत नाही. आई म्हणते, पूर्वी भांडी आपटायचास तेच बरं होतं, घरात कुणीतरी आहे हे कळायचं तरी.

कॉलेजात वर्गाबाहेर गाठून तूच मला झापलं होतंस, की तुमच्या गोठ्याची घाण आमच्या गाईंनी का म्हणून प्यायची? आमचा गोठा ओढ्याच्या वरच्या अंगाला, तुमचा खाली. दोन्ही घरांचं वैर त्या पाण्यातूनच वाहत आलेलं. मी तिथल्या तिथे प्रेमात पडलो आणि वर्ष अर्धवट टाकून घरी आलो. डोक्यात एकच खूळ, पाणी स्वच्छ झालं की तुझे बाबा मला दारात उभं करतील. आमचे अण्णा गावभर सांगत सुटले, "पोरगं पदवी आणायला गेलं आणि शेणाची टाकी घेऊन आलं!" टाकी मात्र चालली. सगळं शेण-मूत आता तिच्यात जातं, आमचा चहासुद्धा तिच्यातून निघणाऱ्या गॅसवर उकळतो आणि उरलेला शेणकाला कुरणाला खत म्हणून जातो. गाईंनी ओढ्यात उतरून घाण करू नये म्हणून काठाने गवताचा पट्टा राखला, तार ओढली, त्यांना प्यायला वर हौद बांधला.

ती तारच नडली. गाईंना अडवायची तार तुझ्या बाबांना हद्दीची वाटली. काठी उगारून आले, "ओढा काय तुझ्या बापाचा?" समजावून सांगायचं सोडून मी म्हणालो, "हो, बापाचाच!" झालं. त्या दिवसापासून तुला पत्र नाही, फोन नाही, अशी त्यांची सक्त ताकीद. तू शहरात शिकायला गेलीस आणि तूही ती मुकाट पाळलीस. तू, जिने आजवर कुणाच्या बापाचं ऐकलं नाही.

आता दुसरी बातमी. गुडघे गेले म्हणून तुझ्या बाबांनी गाई विकायला काढल्या. गाई व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढल्या असं समजून तू त्यांच्याशी बोलणं टाकलंस, हे कानावर आलं. त्या ट्रकमध्ये चढल्याच नाहीत. आमच्या गोठ्यात आहेत. अण्णांनी स्वतः तार सोडली आणि त्यांना वर घेऊन आले. दोघं म्हातारे एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. जे काही बोलले ते गाईंशी.

बाकीच्या रुळल्या. तुझी ती एकशिंगी मात्र पान्हा चोरते. कासेला हात लावू देत नाही. काल बादलीही उडाली आणि मीही. असंच चाललं तर कास सुजेल, असं जनावरांचा डॉक्टर म्हणतो. तुझे बाबा रोज काठी टेकत येतात, तिच्या पाठीवरून हात फिरवतात, ती त्यांनाही जुमानत नाही. काल हौदाच्या कडेवर बसून म्हणाले, "हिला पोरीचीच सवय. धार काढताना ती हिच्याशी काहीतरी बडबडायची. काय ते मी कधी ऐकलंच नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू विचार तिला. माझा फोन ती घेत नाही." म्हणून हे पत्र. काय म्हणायचीस तेवढं कळव, नाहीतर येऊन तूच म्हण. पाकिटावरचा पत्ता त्यांनीच सांगितलाय, तोही दोनदा, मी चुकेन म्हणून. मला तो पाठ होता. तरी त्यांना सांगू दिला.

तुझाच,
वरच्या गोठ्यातला